तेरा पाऊणे पावणेदहा: बोर्डी-कोसबाडचे चार दिवस

आईच्या कपाटात पत्र्याचा एक जुना डबा आहे. त्यात चिंचोके, सागरगोटे, रिठ्याच्या काळ्या बिया, शिंपले आणि एका पुडीत बांधून ठेवलेल्या गुंजा. 1979 साली आई डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर बालसेविकेच्या प्रशिक्षणाला गेली होती, तेव्हापासूनचा हा ऐवज. पुढे तीस वर्षं बालवाडीत शिकवताना तिने तो वापरला. आम्ही भावंडं त्यातल्याच चिंचोक्यांवर मोजायला शिकलो. आई आता सदुसष्ट वर्षांची आहे आणि गुडघे कुरकुरतात. दिवाळीनंतर एकदा म्हणाली, "कोसबाड पुन्हा एकदा बघायचंय गं." मी तेव्हाच ठरवलं, मुलांनाही न्यायचं.

सई नऊ वर्षांची, नील साडेपाचचा. सईबद्दल थोडं सांगायला हवं. गेल्या वर्षापासून तिने चित्रं काढणं बंद केलं आहे. वर्गात फळ्यावर दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली नदी असतं आणि सगळ्यांनी तेच काढायचं असतं. तिची नदी डोंगरावर चढली म्हणून वहीत लाल रेघ आली. तेव्हापासून "मला चित्र येत नाही" हे तिचं ठरलेलं वाक्य झालं. मला त्याचं फार वाईट वाटत होतं आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

शुक्रवार: बोर्डी

लोकलने डहाणू रोड, तिथून रिक्षाने बोर्डी. दुपारी एकपर्यंत पोचलो. चिकूच्या वाडीतलं घरगुती राहणं होतं. मालकीणबाईंनी जेवायला उकडहंडी केली होती: वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळं, छोटी वांगी, भरपूर ओला लसूण, सगळं मडक्यात मंद शिजवलेलं, आणि सोबत तांदळाची भाकरी. नीलने कोनफळाचा जांभळा तुकडा उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि मगच खाल्ला.

जेवण झाल्यावर सईने विचारलं, "समुद्रावर कधी जायचं?" मी फोन काढला, पण आई म्हणाली, "आज तिथी काय?" भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी होती. आईने डोळे मिटले आणि म्हणाली, "तेरा पाऊणे पावणेदहा. म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमाराला भरती होऊन गेली. त्यापुढे सवासहा तासांनी ओहोटी. चार वाजता निघू."

सई बघतच राहिली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, डहाणूकडे जरा पुढेच सरकतो, पण फिरायला जाण्यापुरता पक्का आहे. आईने तिला पाऊणकी म्हणून दाखवली: दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन. अपूर्णांकांच्या धड्यावर आम्ही दोघींनी किती संध्याकाळी रडारड केली आहे! आणि इथे सई पायरीवर बसून बोटं मोडत आपणहून "नऊ पाऊणे पावणेसात" पर्यंत गेली, कारण तिला समुद्र कधी जाणार ते हवं होतं.

बोर्डीचा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की सुरूच्या झाडांखालून ते फक्त एक चकाकती रेघ दिसतं. मी घरून दोन कागद छापून नेले होते. "शोधा पाहू" असं शीर्षक आणि खाली दहा गोष्टी: गुळगुळीत दगड, तीन रंगांचे शिंपले, पक्ष्याचं पीस, खेकड्याचं बीळ. पुढे खूण करायला चौकटी. नीलने पंधरा मिनिटांत आठ खुणा केल्या. खेकड्याचं बीळ दिसताच "मिळालं!" म्हणून खूण करून तो पुढे पळालासुद्धा. बिळात कोण आहे ते त्याने पाहिलंच नाही. ते बघून मी दोन्ही कागद घडी घालून पिशवीत ठेवले. पुन्हा काढले नाहीत.

सई मात्र त्या बिळापाशी उकिडवी बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. बिळाभोवती मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या वाळूच्या गोळ्या पसरल्या होत्या, शेकडो. आधी ती नुसती खडबडीत वाळू वाटते. मग लक्षात येतं की त्या गोळ्या ओळींत आहेत आणि सगळ्या ओळी बिळापासून बाहेर निघतात, सूर्याच्या किरणांसारख्या. आम्ही हलणं थांबवल्यावर तीन-चार मिनिटांनी खेकडा वर आला. नखाएवढा, वाळूच्याच रंगाचा. दोन्ही नांग्यांनी वाळू उचलून भराभर तोंडाशी न्यायचा आणि थोड्या वेळाने तोंडापाशी एक गोळी तयार व्हायची. ती पायांनी मागे सारून पुढचा घास. वाळूला चिकटलेलं बारीक खाणं तो चोखून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी टाकतो. गोळी टाकलेली असते म्हणून तीच वाळू पुन्हा चाळावी लागत नाही. बिळाकडे जाणारी एक वाट मात्र तो मोकळी ठेवतो. नील धावत आला तेव्हा ती वाट कशाला असते ते आम्हाला दिसलं.

सई तिथे पाऊण तास होती. एकही फोटो काढला नाही, एकही प्रश्न विचारला नाही. उठताना फक्त म्हणाली, "भरती आली की हे सगळं जाणार ना? मग तो उद्या परत करणार?"

*किनाऱ्यावर मुलांना न्यायचं असेल तर ओहोटी लागल्यावर दीड-दोन तासांनी जा आणि पाणी परत फिरायच्या आत किनाऱ्याकडे वळा. सपाट किनाऱ्यावर पाणी दिसतं त्यापेक्षा लवकर येतं. आत गाळ आहे, म्हणून पट्ट्याच्या चपला हव्यात. सोबत एक भिंग घ्या. बाकी काही लागत नाही.*

रात्री वाडीत वटवाघळं चिकूवर आली. पंखांची फडफड आणि मधूनच टपकन पडणारं फळ. नील आजीच्या कुशीत शिरून ऐकत होता.

शनिवार: कोसबाडची टेकडी

सकाळी थंडी चांगलीच होती. रिक्षावाले काका स्वतः टेकडीखालच्या पाड्यातले. आईने "मी इथे शिकायला होते" म्हटल्यावर त्यांनी वळून पाहिलं. "मग बालवाडीत आम्हीच असू तुमच्यासमोर," ते म्हणाले. वर्षं जुळतात का ते दोघांनी बराच वेळ पडताळून पाहिलं. जुळत नव्हती, काका नंतरचे निघाले. तरीही पुढचा सगळा रस्ता ते आईशी बोलत होते.

चढावर सईने विचारलं, "आजी, एवढ्या लांब कशाला शिकायला आलीस?" आईने तिला जे सांगितलं ते मीही इतकं सलग पहिल्यांदाच ऐकलं.

ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. माँटेसोरीची पद्धत त्यांना पटलेली होती, पण साधनं महागडी आणि शाळा शहरातल्या सुस्थितीतल्या मुलांच्या. म्हणून 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. शाळा उघडली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. मग या बायका वस्तीत गेल्या आणि घरांच्या मधल्या अंगणात शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथला. देशभर सरकारी अंगणवाड्या 1975 नंतर आल्या, पण त्याच्या तीस वर्षं आधी ते अंगण बोर्डीत होतं. विकत आणलेल्या मण्यांच्या जागी बिया आल्या आणि ठोकळ्यांच्या जागी दगड-गोटे, शिंपले, पानं, काटक्या.

1957 मध्ये काम कोसबाडला आलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, ती विकासवाडी. पाठीवर धाकटं भावंड घेऊन येणारी मुलगी शाळेत टिकायची तर त्या भावंडाला पाळणा हवा, इतका साधा विचार. आणि तरीही काही मुलं यायची नाहीत, कारण दिवसभर गुरं राखायला कुरणात असायची. तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा.

"म्हणजे तुम्ही गाईंच्या मागे जायचात?" नीलने विचारलं.

"झोळी खांद्याला अडकवून," आई म्हणाली. "गुरं चरायला लागली की पोरं झाडाखाली यायची. मग आम्ही झोळी उघडायचो."

आधी फोन करून विचारलं होतं, त्यामुळे आवारात थोडा वेळ फिरता आलं. आई एका झाडाखाली उभी राहिली आणि काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. टेकडीवरून पश्चिमेला समुद्राची फिकट रेघ दिसत होती.

उतारावर थांबून डबा खाल्ला. तिथे एक मुलगा शेळ्या घेऊन आला, दहा-अकरा वर्षांचा. शनिवारची सकाळची शाळा करून आलेला. नीलने त्याला पहिलाच प्रश्न केला, "तुझ्या किती आहेत?" "सतरा," तो म्हणाला, आणि मोजून दाखवल्या नाहीत तर नावं घेऊन दाखवल्या. एक नाव घेतल्यावर थांबला, मान उंचावली आणि करवंदीच्या जाळीमागून एक काळी शेळी ओढून आणली. सतरा होत्या.

आईने झोळीतून डबा काढला. हो, तो डबा ती घेऊन आली होती! तिने तो उघडून नुसता जमिनीवर ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही. पाच मिनिटांत सागरगोट्यांचा डाव सुरू झाला. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत एक उचलायचा, मग दोन, मग तीन. त्या मुलाचा हात इतका हलका होता की सई खेळायचं सोडून बघत बसली. मग त्याने तिला सागाचं कोवळं पान तळहातावर चोळायला लावलं, तळहात लाल झाला. पुढे आंब्याच्या फांदीवर पानं जोडून केलेलं लाल मुंग्यांचं घर दाखवलं. पानांच्या कडा पांढऱ्या धाग्याने जोडलेल्या होत्या. "शिवलं कोणी?" नील म्हणाला. धागा मुंग्यांच्या अळ्यांचा असतो. मोठ्या मुंग्या अळीला तोंडात धरून या पानावरून त्या पानावर सुईसारखी फिरवतात. मला हे वाचून माहीत होतं, त्या मुलाला बघून माहीत होतं. मी गप्प राहिले, त्याने सांगितलं.

तेवढ्यात नील ओरडला. वेलीवरच्या मखमली शेंगा त्याला इतक्या आवडल्या की त्याने दोन्ही मुठींत धरल्या. खाजकुयली! मनगटांपासून कोपरापर्यंत लालभडक, आणि नील रडून बेजार. मी पाण्याची बाटली उघडत होते. त्या मुलाने "चोळू नका" म्हणून हात आडवा केला आणि आईने तोवर ओली माती कालवली होती. दोघांनी मिळून जाड लेप दिला, तो वाळू दिला आणि मग सोलून काढला. कूस बरीच मातीबरोबर निघाली. अर्ध्या तासाने नील शांत झाला. पुढचे दोन दिवस मात्र ती वेल त्याने वीस पावलांवरून ओळखली आणि प्रत्येकाला हात धरून बाजूला नेलं. तीन-तीन पानं एकत्र असतात, हे त्यानेच मला दाखवलं.

*डिसेंबर ते फेब्रुवारी या भागात फिरताना मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गुंजा दिसायला फार सुंदर, पण बी चावलं गेलं तर विषारी. लहान मुलांच्या हाती देऊ नका, आईसुद्धा त्या पुडीत बांधून फक्त दाखवते. आणि जखम-खाजेचं साधं सामान सोबत असू द्या, सगळीकडे आजी नसते.*

रविवार: गंजाडजवळचा पाडा

रिक्षावाल्या काकांची बहीण गंजाडकडच्या एका पाड्यात राहते. तिच्या घरी दिवसभर जायचं त्यांनीच ठरवून दिलं. गंजाड म्हटलं की वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे आठवतात. लग्नाच्या चौकापुरती सुवासिनींनी काढायची चित्रं त्यांनी 1970 च्या दशकात रोज काढायला घेतली आणि जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले.

मावशींचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या आणि वर शेणामातीचा गिलावा. अंगणात भात झोडून झालेलं, पेंढ्याचा ढीग, त्यावर कोंबड्या. जेवणात तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि उडदाचं घट्ट वरण. आई आणि मावशी चुलीपाशी बसून लसूण सोलत राहिल्या. दोघींनी बालवाडीबद्दल बोलायला सुरुवात केली आणि शेवटी सुनांवर पोचल्या.

दुपारी मावशींनी भिंतीचा एक तुकडा सारवला आणि वाळल्यावर गेरू दिला. तांदूळ वाटून पातळ पांढरं केलं. बांबूची काडी घेऊन तिचं टोक दाताने चावून मऊ केलं, हाच ब्रश. मग आपल्या आपण काढू लागल्या. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, की माणूस. त्याला रेघांचे हातपाय, वर टिंब. दहा-बारा झाले की हातात हात घालून तारप्याभोवतीचा नाच. तारपा कोपऱ्यात टांगलेला होता, सुक्या भोपळ्याचा. काकांच्या भाच्याने तो वाजवून दाखवला. गाल फुगवून श्वास न तोडता तो इतका वेळ वाजवत होता की नील त्याची छाती बघायला जवळ गेला.

मी मनात घाबरले होते की कुणीतरी सईला "तू पण काढ" म्हणेल. कुणी म्हणालं नाही. मावशींनी एक चावलेली काडी आणि वाटी तिच्याजवळ सरकवली आणि पाठ फिरवून आपलं काम करत राहिल्या. बराच वेळ सईने वाटीला हात लावला नाही. मग भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात एक टिंब दिलं. त्याच्या शेजारी दुसरं. एक भोक सोडून त्याच्याभोवती टिंबांची ओळ, मग दुसरी ओळ, तिसरी. जीभ किंचित बाहेर, श्वास रोखलेला. एका बाजूला तिने ओळ काढलीच नाही, एक अरुंद वाट मोकळी सोडली.

मावशी वळून वाकल्या. "हे काय गो?"

"खेकडा जेवतोय," सई म्हणाली. "आणि ही त्याची पळायची वाट."

मावशींनी मान हलवली. चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईटही नाही. तिच्या टिंबांच्या शेजारी त्यांनी दोन बाया काढल्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या, समुद्राकडे चाललेल्या. म्हणजे सईचा खेकडा आता त्यांच्या चित्राच्या आत होता. सईने ते बघितलं आणि आणखी एक बीळ काढायला घेतलं. अंधार पडेपर्यंत तिने सहा बिळं काढली. मी पेंढ्याच्या ढिगापाशी बसून होते, माझे डोळे भरून आले होते आणि मी कुणाला ते दाखवलं नाही.

परतताना पौर्णिमेचा चंद्र ताडांच्या वर होता. "पंधरा पाऊणे सव्वाअकरा," सई रिक्षात पुटपुटली. "आता रात्री पाणी अगदी वर येणार."

*पाड्यावर ओळखीशिवाय, न विचारता जाऊ नका. घर हे कुणाचं तरी घर आहे. फोटोआधी विचारा. जेवण आणि शिकवणं याचे पैसे आधी ठरवून मानाने द्या, चित्र विकत घेताना घासाघीस करू नका. मुलांना तासाभरात काही "करून" न्यायचं असेल तर हा दिवस जमणार नाही, पूर्ण दिवस हातात ठेवा.*

सोमवार: अस्वाली आणि परत

सकाळी अस्वाली धरणावर तासभर गेलो. पाणकावळे पंख वाळवत बसले होते. समोर बारडाचा डोंगर, म्हणजे बहारोट. गुजरातच्या किनाऱ्यावरचं संजाण लढाईत पडल्यावर तिथल्या पारश्यांनी आपला पवित्र अग्नी याच डोंगरातल्या लेण्यांत बारा वर्षं जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. तोच अग्नी आज उदवाड्याला आहे. आईच्या गुडघ्यांमुळे चढलो नाही. नील मात्र डोंगराकडे बघत विचार करत राहिला. "पावसात लाकडं सुकी कुठे ठेवली असतील?" मग काठावरच्या काटक्या आणि सपाट दगड घेऊन त्याने लेणं बांधलं, आत सुकं गवत रचलं, वर ओंजळीने पाणी ओतलं. तीनदा गवत भिजलं. चौथ्यांदा त्याने दगड तिरका ठेवला.

मालकीणबाईंनी निघताना दोन किलो चिकू दिले, कडक. तिसऱ्या दिवसापासून खा म्हणाल्या. गाडीला विरारनंतर गर्दी होती, ठाण्याला घरी पोचायला रात्र झाली.

बुधवारी चिकू पिकले. खाताना सई उठून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेली.

"आई, आपल्या खाडीलापण भरती-ओहोटी असते ना?"

"असते की."

"रविवारी सप्तमी आहे. सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे ओहोटी साडेअकराला." तिने आजीकडे वळून पाहिलं. "आजी, डबा घेशील?"

आईने डबा आधीच कपाटाबाहेर काढून ठेवला होता. नील त्यात काहीतरी भरत होता. धरणावरचा तो सपाट दगड काही केल्या बसत नव्हता, म्हणून तो एकेक चिंचोका बाहेर काढून जागा करत होता.